गाणं बसलं, आता स्टेज बसवा: कोल्हापुरात पहिल्यांदा लाईव्ह गाणाऱ्यांसाठी

घरात भाकरी थापताना आवाज कसा मोकळा लागतो, आणि तोच आवाज माईक हातात आला की गळ्यात अडकतो. ज्यांचं असं झालंय किंवा होईल अशी भीती वाटतेय त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी मंगळवार पेठेत राहते, पतसंस्थेत नोकरी करते आणि भावगीतं, जुनी सिनेमाची गाणी गाते. २०१६ च्या गणपतीत एका मंडळाच्या स्टेजवर पहिल्यांदा गायले. गाणं महिनाभर घोटलं होतं, झोपेतनं उठवून विचारलं असतं तरी शब्द आले असते. पण रियाझ ज्या ट्रॅकवर (गाण्याचं नुसतं म्युझिक, त्यावर आपण गायचं) केला तो माझ्या फोनमध्ये राहिला आणि साऊंडवाल्यानं त्याच्याकडचा लावला, तो दोन पट्ट्या वरचा. मुखडा कसाबसा निघाला, अंतऱ्याला आवाज फाटला, मी गाणं अर्ध्यात सोडून खाली उतरले आणि पुढं दीड वर्ष माईकला हात लावला नाही. ते दीड वर्ष गेलं याचं मला आजही वाईट वाटतं, कारण गळ्याची काही चूक नव्हती, मी तयारीच अर्धी केली होती.

ज्या बाईंकडं मी शिकते त्यांनी नंतर एकच विचारलं, गाणं बसवलंस, पण स्टेज बसवलंस का? कोल्हापूरकराला हे पटकन कळायला पाहिजे खरं तर. आपल्याकडं तालीम हा शब्द पैलवानालाही आहे आणि गवयालाही. पैलवान नुसत्या जोर-बैठका मारून खासबागच्या मैदानात उतरत नाही, आधी तालमीच्या मातीत रोज वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर लढतो, पडतो, परत उठतो. आपण गाणारी माणसं मात्र घरात जोर-बैठका काढतो आणि डायरेक्ट मैदानात जातो. मधली माती राहूनच जाते. तर खाली लिहिलंय ते सगळं त्या मधल्या मातीबद्दल आहे.

१. आपली पट्टी शोधा आणि कागदावर लिहून ठेवा

पट्टी म्हणजे पेटीवरच्या ज्या पट्टीला सा धरून आपण गातो ती. साधारण पुरुषांना काळी एक, काळी दोन आणि बायकांना काळी चार, काळी पाच सोयीची पडते असं म्हणतात, पण हा काही नियम नाही, तुमच्या गळ्याला पांढरी चार सोयीची असेल तर तीच तुमची. प्रत्येक गाण्याची पट्टी वेगळी निघू शकते हे पण लक्षात घ्या. शोधायची कशी? गाण्यातला सगळ्यात वरचा सूर कुठं येतो ते बघा आणि ती ओळ संध्याकाळी, कामावरनं दमून आल्यावर, उभं राहून दहा वेळा गा. सकाळी ताज्या गळ्यानं जमलं त्यावर जाऊ नका. दहातनं नऊ वेळा ती ओळ ताण न देता लागली पाहिजे, नाहीतर अर्धा सूर खाली या. स्टेजवर घाबरल्यावर गळा आवळतो, तेव्हा ती अर्ध्या सुराची जागा लई उपयोगाला येते.

मूळ गाणं ज्या पट्टीत आहे त्याच पट्टीत गायचा हट्ट बऱ्याच जणांचा असतो. सोडा तो. शाहू महाराजांनी ज्या अल्लादिया खाँसाहेबांना कोल्हापूर दरबारात आणलं, त्यांचा आवाज तरुणपणी अति गायल्यानं गेला होता. नंतर आवाज आला तो पहिल्यासारखा नव्हता, तर त्या आवाजाला शोभेल अशी गायकी त्यांनी घडवली, आणि जयपूर-अत्रौली घराणं म्हणून आज जे ऐकतो ते त्यातनं उभं राहिलं. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर त्यांच्याच शिष्या. एवढ्या मोठ्या माणसानं आहे त्या आवाजाला मानलं, मग आपण पट्टी बदलायला कशाला लाजायचं?

करावके ट्रॅकवर गाणार असाल तर ॲपमध्ये पट्टी बदलून घेता येते, पण दोन-तीन सुरांपेक्षा जास्त ओढली की ट्रॅकमधली वाद्यं विचित्र वाजायला लागतात. मग दुसरा ट्रॅक शोधा. फाईलच्या नावातच गाणं आणि पट्टी लिहा. माझा पहिला घोळ एवढ्या एका गोष्टीनं टळला असता.

२. गाणं खरंच बसलंय का, तपासून बघा

पाठ असणं आणि बसणं वेगळं. बसलेलं गाणं धक्के खाऊन पण सुटत नाही. मी या परीक्षा घेते:

– कुणीतरी मध्येच सांगायचं, दुसऱ्या अंतऱ्यापासून उचल. लगेच उचलता आलं पाहिजे.
– शेजारी टीव्ही चालू, पोरं बोलतायत, त्यात पूर्ण गाणं म्हणायचं.
– तीन-चार मजले जिने भरभर चढून यायचं आणि धाप लागलेली असतानाच पहिली ओळ सुरू करायची. मी टेंबलाईच्या चढावर पण हे केलंय. स्टेजवर छाती जशी धडधडते आणि श्वास जसा वर अडकतो तसंच इथं होतं, त्यामुळं त्या अवस्थेत गायची सवय घरबसल्या लागते. सगळ्यांत जास्त फायदा मला याचा झाला.
– कार्यक्रमात उभं राहून गाणार असाल तर रियाझही उभं राहून. मांडी घालून महिनाभर गायचं आणि त्या दिवशी उभं राहायचं, असं केलं तर श्वासाचं सगळं गणित बदलतं.

मोबाईलचा व्हिडिओ लावून गा, तोही रोज एकच टेक. चुकला तरी पुसायचा नाही, परत घ्यायचा नाही. परत घ्यायची सोय असली की मन ढिलं पडतं. आणि पहिले चार-पाच व्हिडिओ बघवणार नाहीत, ते सगळ्यांचं होतं, बघा तरी.

३. मोठ्या स्टेजआधी छोट्या जागा घ्या

निदान पाच-सहा वेळा कमी लोकांसमोर गायल्याशिवाय मंडळाचं किंवा हॉलचं स्टेज घेऊ नका असं माझं मत आहे. आधी घरातली तीन माणसं. मग सोसायटीची कोजागिरी, हळदीकुंकू, ऑफिसमधला निरोप समारंभ. मग भजनी मंडळ, आणि मला भजनी मंडळ ही सगळ्यांत चांगली शाळा वाटते, कारण तिथं एकटं पडायला होत नाही, एक ओळ तुम्ही सांगायची की मागनं पंधरा गळे धरतात, टाळ असतो, लय कुणीतरी सांभाळत असतं. नवरात्रात अंबाबाईच्या देवळात भजनी मंडळांची सेवा असते, तिथं मंडळाबरोबर एक अभंग उचलून सांगितलात तरी पुढच्या दहा कार्यक्रमांना पुरेल इतका धीर येतो. आजकाल गावात करावकेचे ग्रुप पण भरपूर झालेत, रविवारी जमतात, एखादा गाठा. कॉलेजला असाल तर शिवाजी विद्यापीठाचा युवा महोत्सव आहेच, तिथं समूहगीतापासून सुरुवात करा.

शास्त्रीय शिकणाऱ्यांनी देवल क्लबच्या बैठकांना आधी नुसतं ऐकायला जावं. या क्लबचं पूर्ण नाव गायन समाज देवल क्लब, त्याची सुरुवात १८८३ ची, म्हणजे या गावाला बैठकीची सवय किती जुनी आहे बघा. गाणारा बसतो कसा, तंबोरा लागेपर्यंत कसा थांबतो, घाई करत नाही, हे नुसतं डोळ्यांनी शिकण्यासारखं आहे.

४. माईकशी ओळख करून घ्या

यावर कुणी बोलतच नाही आणि निम्मी भीती इथंच असते. आपण आयुष्यभर आपला आवाज आतनं ऐकलेला असतो, अचानक तो चार बॉक्समधनं बाहेरनं येतो आणि माणूस बिचकतो, मग आवाज लहान करतो, साऊंडवाला व्हॉल्युम वाढवतो, आणि माईक कुई करायला लागतो. हे चक्र एकदा सुरू झालं की गाणं गेलंच.

म्हणून एक साधा वायरचा माईक आणि छोटा स्पीकर महिन्याभरासाठी कुणाकडनं तरी मागून घ्या. ब्लूटूथ स्पीकरवर रियाझ करू नका, त्यात आवाज किंचित उशिरा येतो आणि लयीची वाट लागते.

माईक दांड्याला धरायचा. जाळीला मूठ मारून धरतात ते टीव्हीवर भारी दिसतं पण त्यानं आवाज गुदमरतो आणि शिट्टीही जास्त येते. तोंडापासून दोन-तीन बोटं अंतर ठेवा. एकदम ओठाला लावला तर आवाज जाड, घुमट होतो, शब्द कळत नाहीत. तार सप्तकात, म्हणजे वरच्या सुरांत, ताकदीनं जाताना हात थोडा मागं, हळू ओळीला परत जवळ. हे हाताचं मागंपुढं घरी इतकं घोटा की स्टेजवर विचारच करायला लागू नये. गाणं संपल्यावर हात खाली सोडताना माईकचं तोंड पायातल्या मॉनिटर स्पीकरकडं (आपला आवाज आपल्याला ऐकू यावा म्हणून ठेवलेला असतो तो) जाऊ देऊ नका, हमखास किंचाळतो.

साऊंड चेकला लवकर जा. मिळाला नाही तर निदान साऊंडवाल्या दादांना जाऊन भेटा, नाव विचारा, आपलं गाणं सांगा. तो माणूस त्या दिवशी तुमचा सगळ्यांत महत्त्वाचा साथीदार आहे, आणि त्याला आदरानं विचारणारे फार कमी असतात. चेकला "हॅलो, हॅलो, वन टू थ्री" म्हणून भागत नाही. गाण्यातली सगळ्यात खालची आणि सगळ्यात वरची ओळ गाऊन दाखवा. स्वतःचा आवाज ऐकू येत नसेल तर स्पष्ट सांगा, "दादा, मॉनिटरला माझा आवाज थोडा वाढवा." न ऐकता गाणारा माणूस ओरडायला लागतो आणि ओरडला की बेसूर होतो.

संगीत नाटकातले गायक-नट केशवराव भोसले, त्यांच्या दिवसांच्या ऐकलेल्या गोष्टी आठवतात मला अशा वेळी. लाऊडस्पीकर नसताना नाटकघराच्या शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायची ही माणसं. शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेलं पॅलेस थिएटर पुढं त्यांच्याच नावानं झालं. ऑगस्ट २०२४ मधल्या आगीत ते जळालं त्या रात्री गावातल्या कितीतरी गाणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही. तिथं मी लहानपणी मागच्या रांगेत बसून ऐकलंय. आपल्याला माईक आहे म्हणून शब्द खाऊन चालतं असं नाही, शेवटच्या रांगेतला माणूस डोळ्यांसमोर ठेवा.

५. साथीदारांशी आधीच बोलून घ्या

ट्रॅकवर गाणाऱ्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. पेटी, तबला, कीबोर्ड असेल तर किमान एक बैठक आधी हवीच. काय ठरवायचं: पट्टी, ठेका (केरवा, दादरा, रूपक जे असेल ते), लय, सुरुवातीचं म्युझिक किती, अंतरे किती घेणार, शेवट कसा. लय ठरवताना मुखडा स्वतः टाळी देऊन म्हणून दाखवा. स्टेजवर घाबरलं की आपण नकळत लय चढवतो, तर तबलजींना आधीच सांगून ठेवा, मी पळायला लागले तर तुम्ही धरून ठेवा. चांगला तबलजी हे आनंदानं करतो. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, त्यांच्याकडं बघा. नुसतं बघितल्यानं पण एकटेपणा जातो, आणि ऐकणाऱ्यांना ते दिसतं.

मोबाईलच्या तंबोरा ॲपवर रियाझ केला असेल तर एकदा पेटीबरोबर लावून बघा, ॲपची सेटिंग हललेली असली तर दोन्ही सूर थोडे वेगळे वाजतात. खरा तंबोरा घ्यायची घाई सुरुवातीला नको. मिरज पन्नासेक किलोमीटरवर आहे, तिथल्या तंबोऱ्याला आणि सितारीला २०२४ साली जीआय मानांकन पण मिळालं, सावकाश जाणत्या माणसाला घेऊन जा.

६. पिशवीत काय काय पाहिजे

– गाण्यांची यादी, पट्टीसकट, दोन प्रती. एक साऊंडवाल्याला, एक आपल्याला.
– ट्रॅक पेन ड्राईव्हवर एमपीथ्रीमध्ये, शिवाय फोनमध्ये, आणि फोन एअरप्लेन मोडवर. गाण्याच्या मध्येच सासूबाईंचा फोन आलेला मी बघितलाय, ट्रॅकच बंद पडला.
– फोन मिक्सरला जोडायची वायर आणि फोनला ती पिन लागत नसेल तर कन्व्हर्टर.
– कॉर्डलेस माईकसाठी दोन नवीन पेन्सिल सेल.
– शब्दांची वही, मोठ्या अक्षरात. मोबाईलमध्ये बघून गाऊ नका, मान खाली जाते आणि लोकांशी नातंच तुटतं.
– साधं किंवा कोमट पाणी, रुमाल, एखादी सेफ्टी पिन.
– ओळखपत्र, काही हॉलच्या गेटवर मागतात.

तुमचा ग्रुपच कार्यक्रम घेत असेल तर अजून कागद लागतात: हॉल बुकिंगची पावती, पोलीस स्टेशनची लाऊडस्पीकर परवानगी, आणि सिनेमाची गाणी असतील तर आयपीआरएस लायसन्सचं (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठी लागतं ते) आधी विचारून ठेवा, शेवटच्या आठवड्यात धावपळ होते.

कपडे आणि दागिने आधी एकदा घालून गाऊन बघा. काचेच्या बांगड्या माईकच्या हातात किणकिणतात, नथ जाळीला लागते. पुरुषांनी नवी करकर वाजणारी कोल्हापुरी पायात घालून प्लायवूडच्या स्टेजवर चढू नये, चप्पल खाली काढून नमस्कार करून चढायची आपली पद्धतच बरी.

७. चढायच्या आधीची वीस मिनिटं

पोटात गोळा येणं, हात गार पडणं, तोंड कोरडं होणं हे सगळं होणार. शरीर संकटाला तयार होतं तेव्हा ॲड्रेनालिन वाढतं, त्याचं हे काम आहे, तुमच्यात काही कमी आहे म्हणून नाही. माझं आजही होतं. फरक इतकाच की आता ते आलं की मला ओळखीचं वाटतं.

श्वास चार मोजून आत आणि आठ मोजून बाहेर, असं आठ-दहा वेळा. सोडलेला श्वास लांब असला की धडधड खाली येते. खांदे सैल सोडा, जांभया द्या, ओठ फुरफुरवा, मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, हळू सा लावा. पूर्ण गाणं म्हणून बघायचा मोह आवरा, फक्त पहिली ओळ मनात, ठरलेल्या लयीत. घसा सारखा खाकरू नका, त्यानं स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, त्यापेक्षा घोटभर पाणी गिळा. आणि पाणी दिवसभर प्या, ऐन वेळी बाटली रिकामी करून उपयोग नाही, कारण प्यालेलं पाणी तंतूंवरनं जात नाही, शरीरात मुरायला वेळ लागतो.

कार्यक्रमाआधी तीन तास तांबडा रस्सा, मिसळ नको. छातीत आंबट येतं आणि आवाजाला खरखर येते.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. धीर यावा म्हणून दोन घोट घ्यायचे किंवा कुणीतरी दिलेली धडधड कमी व्हायची गोळी घ्यायची, हे करू नका. दारूनं सूर आणि लय दोन्हीचं भान जातं, आणि त्या गोळ्या दम्याच्या माणसाला धोक्याच्या ठरू शकतात. त्रास खरंच जास्त असेल तर डॉक्टरांशी बोला, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

८. स्टेजवर

चालत या, पळत नको. जागेवर उभं राहून एक पूर्ण श्वास होईपर्यंत काही बोलू नका. ते तीन सेकंद तुम्हाला युगासारखे वाटतात, लोकांना ते ऐटदार वाटतात. पाय खांद्याइतके लांब, गुडघे ताठ आवळू नका.

बोलायचं असेल तर दोन वाक्यं, आधी लिहून पाठ केलेली. "आज घसा बसलाय, सांभाळून घ्या" हे वाक्य कधीही, कधीही म्हणू नका. लोक ऐकायला बसलेले असतात, तुम्ही त्यांना चुका शोधायला लावता.

बघायचं कुठं हा प्रश्न सगळे विचारतात. हॉलमध्ये लाईट तोंडावर असल्यानं माणसं दिसतच नाहीत, सोपं जातं. मंडळाच्या उघड्या स्टेजवर मात्र सगळं दिसतं, फोनवर बोलणारा, उठून चाललेला, भेळ खाणारा. तीन जागा ठरवा, डावीकडं मागं, मध्ये, उजवीकडं मागं, आणि ओळ संपली की नजर सावकाश दुसरीकडं न्या. एक तरी माणूस मान डोलावणारा सापडतोच, कोल्हापुरात तर मोकळेपणानं "व्वा" म्हणणारा पण सापडतो. त्याच्यासाठी गा. उठून गेलेल्याचा विचार करू नका, त्याची शेवटची बस असेल.

चुकलं तर थांबायचं नाही. शब्द गेला तर मुखड्यावर परत या किंवा सूर धरून नुसता 'आ' लावा, साथीदार सांभाळतात. जीभ चावणं, कपाळाला हात, सॉरी म्हणणं बंद. तुमच्या तोंडावर दिसलं नाही तर निम्म्या लोकांना चूक कळत नाही, आणि ज्यांना कळते ती गाणारीच माणसं असतात, ती समजून घेतात. पट्टीच चुकीची लागली तर? माझ्यासारखं ओढत बसू नका. हात वर करा, हसून "दादा, ट्रॅक बदलूया" म्हणा आणि परत सुरू करा. मुखड्यातच थांबवलं तर कुणाला काही वाटत नाही.

उघड्यावर कार्यक्रम असेल तर दहाचं लक्षात ठेवा. नियमाप्रमाणं रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद, सणाच्या ठराविक दिवशी सरकारनं बारापर्यंत सवलत दिली असली तरच पुढं. भाषणं लांबली की शेवटच्या गायकांची गाणी कापली जातात, आणि नवीन माणसाचा नंबर बहुतेक शेवटीच असतो. त्यामुळं दोन गाणी दिली असतील तर घट्ट बसलेलं गाणं पहिलं म्हणा, आणि एकच अंतरा घेऊन संपवायची तयारी ठेवा.

९. कार्यक्रम झाल्यावर

कुणाला तरी पूर्ण रेकॉर्डिंग करायला सांगा, पण त्या रात्री ऐकू नका. त्या रात्री एकतर सगळं वाईट वाटतं नाहीतर सगळं छान. तिसऱ्या दिवशी निवांत ऐका आणि वहीत लिहा: तारीख, जागा, गाणं, पट्टी, काय जमलं, काय सुटलं. जमलेलं आधी लिहायचं. माझ्या वहीत आत्तापर्यंत एक्केचाळीस नोंदी आहेत, पहिली ती २०१६ ची अर्ध्यात सोडलेली. तेच गाणं दोन वर्षांनी शाहू स्मारकच्या हॉलला अर्धी पट्टी उतरवून पूर्ण म्हटलं, ती नोंद सहावी.

आणि वही मिटायच्या आधी पुढच्या छोट्या कार्यक्रमाची तारीख त्याच पानावर टाका, महिन्याच्या आतली. भजन असेल, कोजागिरी असेल, काही असेल.